छतावरचे शुभवर्तमान : चित्रकार आल्बर्टस पिक्टर

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असताना एका शनिवारी रात्री आम्हांला एक कृष्णधवल स्वीडिश चित्रपट दाखवण्यात आला होता. इंगमार बर्गमन या दिग्दर्शकाचा १९५७ सालचा ‘द सेव्हन्थ सील’. धर्मयुद्धावरून परतलेला एक सरदार समुद्रकिनारी मृत्यूला सामोरा जातो आणि त्याच्याबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडतो. डाव चालेल तेवढे आयुष्य लांबेल, एवढीच त्याची आशा. आम्ही तरुण विद्यार्थी होतो. त्या रात्री फार वेळ कोणी कोणाशी बोलले नाही. मृत्यूचा तो पांढरा चेहरा आणि काळा झगा माझ्या मनात कायमचा घर करून राहिला.

मृत्यू आणि बुद्धिबळ ही कल्पना बर्गमनला कुठून सुचली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. बर्गमन हा ल्युथरन धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणी वडिलांबरोबर तो खेड्यापाड्यांतील जुन्या चर्चमध्ये जात असे. वडील प्रवचन करीत आणि मुलगा मान वर करून छताकडे पाहत बसे. त्या छतांवर पंधराव्या शतकातील चित्रे होती. स्टॉकहोमजवळील टेबी येथील चर्चच्या छतावर आजही एक चित्र दिसते : पटाच्या एका बाजूला उंची पोशाखातला माणूस, दुसऱ्या बाजूला हाडांचा सापळा झालेला मृत्यू. हे चित्र काढणाऱ्याचे नाव आल्बर्टस पिक्टर. बर्गमनने हे ऋण उघडपणे मान्य केले आहे. त्याच्या चित्रपटात चर्चच्या भिंतीवर मृत्यूचे नृत्य रंगवणारा एक चित्रकार येतो, त्याला त्याने आल्बर्टस पिक्टर हेच नाव दिले. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे. चित्रपटातील प्लेगची साथ चौदाव्या शतकाच्या मध्याची, तर खरा आल्बर्टस त्यानंतर शंभरएक वर्षांनी होऊन गेला. पण ऋण फेडण्याच्या भरात केलेली चूक क्षम्य मानावी.

या चित्रकाराची हकिगत आपल्या वाचकांसमोर मांडावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. त्याचे कारण केवळ कलेचे नाही. ज्यांना वाचता येत नव्हते अशा माणसांपर्यंत ख्रिस्तसभेने शुभवर्तमान कसे पोहोचवले, त्यात तिने काय कमावले आणि कुठे ती घसरली, याचा धडा या एका माणसाच्या कामात एकत्र सापडतो.

आर्बोगाचा नागरिक

आल्बर्टस जन्माने स्वीडिश नव्हता. जर्मनीतील हेसेन प्रांतातल्या इम्मेनहाउसेन या गावी १४४०च्या सुमारास त्याचा जन्म झाला असावा. जुन्या नोंदींत त्याचे नाव आल्बर्ट इम्मेनहुसेन असेही येते. ‘पिक्टर’ हे त्याचे आडनाव नव्हे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चित्रकार एवढाच. स्वीडनमध्ये त्याचा पहिला उल्लेख सापडतो तो १४६५ सालचा. त्या वर्षी आर्बोगा या व्यापारी गावाने त्याला नागरिक म्हणून स्वीकारले. त्या काळी स्वीडनच्या शहरांत जर्मन व्यापारी आणि कारागीर मोठ्या संख्येने होते, त्यामुळे जर्मन चित्रकाराने तिकडे जाऊन बस्तान बसवणे नवलाचे नव्हते.

पुढे १४७३ साली तो स्टॉकहोममध्ये आला आणि योहान नावाच्या एका दिवंगत चित्रकाराच्या विधवेशी, अ‍ॅनाशी त्याने विवाह केला. या विवाहाबरोबर त्या चित्रकाराची कार्यशाळाही त्याच्याकडे आली. आपल्याला हा व्यवहार वाटेल, आणि काही अंशी तो होताच. मात्र त्या काळच्या कारागिरांत अशी रीतच होती. कारागीर वारला की हत्यारे, कामावरची मुले आणि गिऱ्हाईक हे सारे विधवेच्या पदरी उरे. कार्यशाळा चालती राहायची तर घरात त्याच धंद्याचा माणूस हवा. अ‍ॅनाचे घर चालले आणि आल्बर्टला राजधानीत पाय रोवायला जागा मिळाली.

स्टॉकहोमच्या नोंदींत पुढे तो ‘आल्बर्ट चित्रकार’ म्हणून येतो, आणि उत्तरायुष्यात ‘आल्बर्ट मोतीकाम करणारा’ म्हणूनही. या दुसऱ्या नावावरून त्याच्या कार्यशाळेचा आणखी एक व्यवसाय कळतो. मिस्साविधीची वस्त्रे आणि वेदीची वस्त्रे यांवर रेशमाचे, जरीचे आणि मोत्यांचे भरतकाम तेथे होत असे. अशी काही वस्त्रे स्वीडनमध्ये आजही जतन केलेली आहेत. चुन्यावरचे चित्रकाम उन्हाळ्यातच करता येते. स्वीडनच्या हिवाळ्यात ओला चुना गोठून जातो, दिवसाचा उजेडही जेमतेम काही तासांचा. उन्हाळ्यात छते रंगवायची आणि हिवाळ्यात शेकोटीजवळ बसून भरतकाम करायचे, असा या कार्यशाळेचा वर्षक्रम असावा, असे अभ्यासक मानतात. तो शहरातील ख्रिस्तशरीर संघाचा सभासद होता आणि तेथे ऑर्गन वाजवल्याबद्दल त्याचा उल्लेख सापडतो. रंग, सूत आणि सूर असे तिन्ही हातांत असलेला हा गृहस्थ १५०९च्या सुमारास निवर्तला.

सुमारे ४० वर्षांच्या या कारकिर्दीत त्याने व त्याच्या साथीदारांनी किती काम केले? मेलारेन सरोवराच्या आसपासच्या उपलँड, सोडरमनलँड आणि वेस्टमनलँड या प्रांतांतील तीसहून अधिक चर्चमधील चित्रे त्याच्या कार्यशाळेची मानली जातात. टेबी, हार्केबेर्गा, हार्नेवी, हुस्बी-शूटोल्फ्ट, फ्लोडा, ब्रोमा, कुमला ही त्यांतील काही नावे. कुमला येथील चित्रांवर १४८२ हे साल आणि चित्रकाराचे नाव दोन्ही आहेत. मध्ययुगातील बहुतेक चित्रकार निनावी राहिले. आल्बर्टने मात्र आपले नाव लिहून ठेवले, म्हणून आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो.

ठशांतून आलेली चित्रे

ही सगळी चित्रे आल्बर्टला कुठून सुचली, हा प्रश्न संशोधकांनी विचारला, तेव्हा उत्तर मुद्राचित्रांत सापडले. पंधराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये लाकडी ठशांवरून आणि कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून चित्रे छापण्याची कला भरभराटीला आली होती. कागदावरची ही चित्रे स्वस्त होती, हलकी होती, व्यापाऱ्याच्या पेटीतून समुद्र ओलांडू शकत होती. ‘मास्टर ई. एस.’ या आद्याक्षरांनीच ओळखला जाणारा जर्मन कोरीवकार त्यांत अग्रणी होता. आल्बर्टच्या कित्येक आकृतींच्या उभे राहण्याच्या ढबी, वस्त्रांच्या चुण्या, हातांच्या खुणा अशा छापील चित्रांशी जुळतात.

त्याचा सर्वांत मोठा आधार होता तो ‘बिब्लिया पाउपेरम’ म्हणजे ‘गरिबांचे बायबल’ या ग्रंथाचा. लाकडी ठशांवरून छापलेल्या त्याच्या प्रसिद्ध आवृत्तीत ४० पाने आहेत. प्रत्येक पानाच्या मध्यभागी प्रभू येशूच्या जीवनातील एक प्रसंग, त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या करारातील दोन प्रसंग, आणि वर-खाली चार संदेष्टे आपापली वचने हाती धरून. मधला प्रसंग म्हणजे पूर्तता, बाजूचे प्रसंग म्हणजे तिची पूर्वछाया. गब्रिएल दूत पवित्र मरियेला निरोप देतो, तेव्हा एका बाजूला सर्पाचे ऐकणारी एवा आणि दुसऱ्या बाजूला दवाने भिजलेली गिदोनाची लोकर. प्रभूच्या शेवटच्या भोजनाशेजारी भाकर व द्राक्षारस घेऊन आलेला मलकीसदेक आणि रानात पडणारा मान्ना. क्रूसाशेजारी इसहाकाचे अर्पण आणि मोशेने उभारलेला पितळी सर्प. प्रभूला कबरेत ठेवतात, त्या वेळी विहिरीत टाकलेला योसेफ आणि माशाने गिळलेला योना. आणि प्रभू उठतो, तेव्हा गझाची वेस उखडून खांद्यावर नेणारा शमशोन व माशाच्या पोटातून बाहेर पडणारा योना.

‘गरिबांचे बायबल’ हे नाव मात्र फसवे आहे. या ग्रंथातील वचने लॅटिनमध्ये, तीही संक्षेपाने लिहिलेली. खेड्यातील गरीब शेतकरी ती वाचूच शकत नव्हता. हा ग्रंथ उपयोगी पडे तो धर्मगुरूंना, प्रवचन तयार करताना. तो खऱ्या अर्थाने गरिबांच्या हाती आला तो आल्बर्टसारख्या चित्रकारांमुळे. तळहाताएवढ्या काळ्या रेषांच्या चित्राला त्याने रंग दिला, हातभर मोठे केले आणि प्रत्येकाला मान वर करून पाहता येईल अशा ठिकाणी, प्रार्थनागृहाच्या छतावर नेऊन ठेवले.

त्याच काळी स्वीडनमध्ये छापखानाही आला. १४८३ साली योहान स्नेल या जर्मन मुद्रकाने स्टॉकहोममध्ये देशातील पहिला ग्रंथ छापला. तोही लॅटिनच. संपूर्ण बायबल स्वीडिश भाषेत छापून निघायला १५४१ साल उजाडले. अठ्ठावन्न वर्षांचे हे अंतर लक्षात घेतले म्हणजे छतावरच्या चित्रांची किंमत कळते. सामान्य भाविकाला बायबल हाती धरता येत नव्हते, परंतु रविवारी त्याला त्याच्या छायेखाली बसता येत होते.

छताखालची माणसे

उपलँडमधील हार्केबेर्गा हे लहानसे गाव. तेथील चर्च आल्बर्टच्या कामाचा सर्वोत्तम नमुना मानले जाते. पंधराव्या शतकात स्वीडनच्या कित्येक जुन्या दगडी चर्चना आतून विटांच्या कमानी घालून नवी छते बांधण्यात आली. त्यापूर्वी त्यांची छते लाकडी असत. या कमानींच्या फासळ्या एकमेकींना छेदून ताऱ्यांचे आकार करतात, आणि दोन फासळ्यांमध्ये त्रिकोणी मोकळ्या जागा राहतात. आल्बर्टने अशा प्रत्येक जागेत एकेक प्रसंग बसवला. मधल्या रिकाम्या जागांत हिरव्या वेली, फुले आणि तारे. आत शिरणाऱ्याला वाटावे की आपण रंगीत मांडवाखाली आलो आहोत.

चित्रांतील माणसांच्या हाती किंवा डोक्यावर लांब पट्ट्या आहेत आणि त्यांवर लॅटिन वचने आहेत. वाचता न येणाऱ्यांसाठी ही अक्षरे कशाला, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर माझ्यासारख्या धर्मगुरूला आपल्या कामातूनच सुचते. चित्र भाविकांसाठी होते आणि अक्षरे धर्मगुरूसाठी. त्या रविवारचे शुभवर्तमान वाचून झाले की त्याने छताकडे बोट दाखवावे, पट्टीवरचे वचन वाचावे, लोकभाषेत त्याचा अर्थ सांगावा. चित्र, वचन आणि धर्मगुरूचा आवाज या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे धर्मशिक्षण पुरे होई. एकटे चित्र मुके राहिले असते, आणि एकटे प्रवचन घरी पोहोचेपर्यंत विसरले गेले असते. छत मात्र पुढच्या रविवारीही तेथेच असे.

ही दृष्टी ख्रिस्तसभेला नवी नव्हती. इ. स. ६००च्या सुमारास पोप संत ग्रेगरी यांनी मार्सेलचे बिशप सेरेनुस यांना दोन पत्रे लिहिली होती. लोक मूर्तिपूजा करतील या भीतीने सेरेनुस यांनी आपल्या चर्चमधील चित्रे मोडून टाकली होती. पोपनी त्यांच्या काळजीचे कौतुक केले, पण कृतीबद्दल कान उघडणी केली. वाचणाऱ्याला जे ग्रंथ देतो ते न वाचणाऱ्याला चित्र देते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. चित्रांची पूजा करू नये आणि चित्रे फोडूही नयेत, हा मधला मार्ग त्यांनी दाखवला. आल्बर्टचे सारे काम याच मार्गावरचे आहे.

पण तो केवळ नकलाकार नव्हता. फ्लोडा येथे त्याने दावीद आणि गल्याथ यांच्या जोडीला स्वीडिश लोकगीतांतले वीर रंगवले. बुर्मन या राक्षसी योद्ध्याशी लढणारा होल्गर त्यांत आहे. शेतात, चुलीपाशी गायिल्या जाणाऱ्या गीतांतला नायक चर्चच्या छतावर पाहून त्या गावकऱ्यांना काय वाटले असेल! ज्याची गाणी आपल्या ओठांवर आहेत तो शूर पुरुष दावीदाच्या शेजारी उभा. ओळखीच्या गोष्टीचा हात धरून अनोळखी गोष्टीपर्यंत नेणे, ही धर्मशिक्षणाची जुनी युक्ती. तो परदेशी होता, तरी ज्यांच्यासाठी चित्रे काढतो आहे त्या लोकांची गाणी त्याने कान देऊन ऐकली होती.

हार्केबेर्गा येथेच दैवाचे चक्र आहे. एक माणूस चाकाबरोबर वर चढतो आहे, दुसरा माथ्यावर राज्य करतो आहे, तिसरा खाली घसरतो आहे आणि चौथा तळाशी पडला आहे. ही कल्पना साऱ्या युरोपात प्रचलित होती, परंतु स्वीडनच्या लोकांना ती पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांचा संयुक्त मुकुट कोणाच्या डोक्यावर असावा, यावरून त्या देशात सतत तंटे चालू होते. कार्ल क्नुत्सोन हा सरदार तीनदा राजा झाला आणि दोनदा पदच्युत झाला. दुसऱ्यांदा त्याला सिंहासन सोडावे लागले ते १४६५ साली, म्हणजे आल्बर्ट आर्बोगाचा नागरिक झाला त्याच वर्षी. आपल्या डोळ्यांदेखत चाक फिरताना पाहिलेल्या माणसांना छतावरचे चाक कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

टेबीचा बुद्धिबळाचा डावही याच जातीचा. तो पाहून भाविकाने घाबरून जावे एवढाच हेतू असता, तर चित्रकाराने नुसता सापळा रंगवला असता. त्याने डाव रंगवला. डावात खेळणाऱ्याला विचार करता येतो, वेळ असतो, पुढची चाल त्याच्या हाती असते. शेवट ठरलेला आहे, पण तोवरच्या चाली कशा करायच्या हे आपण ठरवायचे. शेवट आठवून आज शहाणे व्हा, हे सांगण्यासाठी आम्ही धर्मगुरू राखेच्या बुधवारी बराच वेळ घेतो. आल्बर्टने ते एका कोपऱ्यात सांगून टाकले.

काळवंडलेले चेहरे

आज या चित्रांतील कित्येक चेहरे काळपट किंवा तपकिरी दिसतात. काही पाहुण्यांना वाटते, चित्रकाराने मुद्दाम तसे केले असावे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ही चित्रे खऱ्या अर्थाने ओल्या गिलाव्यावरची नाहीत. गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन, त्यावर रेघा आखून, मग रंग भरलेले आहेत. त्वचेच्या रंगासाठी शिशापासून केलेले रंग वापरलेले होते. हवा आणि ओल यांचा परिणाम होऊन शिशाचे रंग कालांतराने काळे पडतात. गुलाबी गालांचे संत आणि देवदूत असे हळूहळू काळवंडले. गेरू आणि मातीचे रंग मात्र जसेच्या तसे राहिले. मौल्यवान रंग बदलले आणि मातीचे टिकले, हे पाहून प्रत्येकाने आपापला बोध घ्यावा.

एक कलंक

आतापर्यंत मी या चित्रकाराचे कौतुकच केले. पण इतिहास सांगणाऱ्याने, विशेषतः धर्मगुरूने, दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही.

हुस्बी-शूटोल्फ्ट येथील छतावर आल्बर्टच्या कार्यशाळेचे एक चित्र आहे, ज्यात यहुदी लोकांना डुकरिणीबरोबर दाखवून त्यांची किळसवाणी कुचेष्टा केलेली आहे. यहुदी धर्मशास्त्रात डुक्कर अशुद्ध मानले जाते, म्हणून अपमानासाठी नेमका तोच प्राणी निवडलेला. ही प्रतिमा आल्बर्टने शोधून काढलेली नाही. जर्मन भाषक प्रदेशांतील चर्चच्या दगडांवर ती त्याच्या जन्मापूर्वीपासून कोरलेली होती. तो ती आपल्याबरोबर उत्तरेला घेऊन आला.

यातील खरी दुःखाची गोष्ट पुढेच आहे. त्या काळी स्वीडनमध्ये यहुदी समाज अस्तित्वातच नव्हता. यहुदी म्हणून उघडपणे राहण्याची परवानगी त्या देशात मिळाली ती १७७०च्या दशकात, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी. हुस्बी-शूटोल्फ्टच्या शेतकऱ्याने आयुष्यात यहुदी माणूस पाहिलेला असण्याचा संभव नव्हता. पण यहुदी माणसाचा तिरस्कार कसा करावा, हे तो दर रविवारी छताकडे पाहून शिकत होता. ज्या वाटेने गिदोनाची लोकर आणि योनाचा मासा आले, त्याच वाटेने द्वेषही आला. ज्या हाताने पवित्र मरियेचे, म्हणजे एका यहुदी कन्येचेच, मुख रंगवले, त्याच कार्यशाळेच्या हातांनी तिच्या लोकांची विटंबना केली.

चित्र शिकवते, हे पोप ग्रेगरी यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु ते चांगले तेवढेच शिकवते असे नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या मनावर चित्राचा ठसा खोल उमटतो, आणि वाईट चित्राचा ठसाही तितकाच खोल उमटतो. ‘सगळेच असे काढतात, मी फक्त नक्कल केली’ असे आल्बर्टस म्हणाला असता. आपणही पुष्कळदा असेच म्हणतो. ऐकीव गोष्ट पुढे सांगतो, तयार प्रवचनातले वाक्य उचलतो, दुसऱ्या समाजाविषयीचा विनोद हसत हसत पुढे ढकलतो. नक्कल करणाऱ्यालाही जबाबदारी टळत नाही.

ख्रिस्तसभेने याविषयी पश्चात्ताप करायला फार वेळ लावला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले आणि प्रभूच्या मरणाचा दोष यहुदी लोकांवर सरसकट लादता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. यहुदीद्वेषाचा, तो कोणीही आणि केव्हाही केलेला असो, तिने धिक्कार केला. पुढे २००० साली पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी जाऊन क्षमायाचनेची प्रार्थना तेथील दगडांच्या फटीत ठेवली. एका भिंतीवरचे पाप दुसऱ्या भिंतीशी कबूल करण्यात आले, असे मला ते छायाचित्र पाहताना वाटले.

चुन्याखाली आणि चुन्याबाहेर

आल्बर्टच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत स्वीडनचे धार्मिक जीवन पालटले. १५२७ साली वेस्टेरोस येथील सभेत राजा गुस्ताव वासा याने ख्रिस्तसभेची मालमत्ता राजसत्तेखाली आणली. हळूहळू देश ल्युथरन झाला. मठ ओस पडले, चांदीची पात्रे आणि घंटा गेल्या. तरीही छतावरची चित्रे बहुतेक ठिकाणी राहिली. ल्युथरचा चित्रांना सरसकट विरोध नव्हता, त्यामुळे स्वित्झर्लंड किंवा नेदरलँड्समध्ये झाली तशी मोडतोड तेथे झाली नाही. बायबलमधील प्रसंग नव्या धर्मोपदेशकांनाही उपयोगी होतेच.

चित्रे झाकली गेली ती मुख्यतः अठराव्या शतकात, आणि तीही धर्माच्या वादामुळे नव्हे, तर अभिरुची बदलल्यामुळे. लोकांना स्वच्छ, उजळ प्रार्थनागृहे हवी होती. खिडक्या मोठ्या झाल्या आणि जुनी, काळवंडलेली चित्रे गावंढळ वाटू लागली. कित्येक ठिकाणी त्यांवर पांढऱ्या चुन्याचे हात बसले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि विसाव्या शतकात तज्ज्ञांनी हा चुना काळजीपूर्वक खरवडून चित्रे पुन्हा उजेडात आणली. ज्यांनी झाकले त्यांना वाटले होते की आपण चर्च सुंदर करतो आहोत. आणि नकळत त्या चुन्यानेच खालची काही चित्रे आपल्यासाठी सांभाळूनही ठेवली.

हे वाचताना मी स्वतःला वगळू शकत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील चर्चच्या रंगकामाच्या वेळी बाजूच्या भिंतीवरचे शुद्धीस्थळातील आत्म्यांचे एक जुने चित्र पुसून टाकण्यास मीच संमती दिली. ते फिकट झाले होते, ओलीने पोपडे निघत होते, आणि ज्वाळांतली ती माणसे मुलांना भीतिदायक वाटतील असे मला वाटले. रंगकाम संपल्यावर पहिल्या रविवारी एक वृद्ध बाई मिस्सा संपूनही त्या कोऱ्या भिंतीसमोर उभ्या होत्या. मी जवळ गेलो. त्या म्हणाल्या, “फादर, माझा नवरा गेला तेव्हापासून मी इथंच उभी राहून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आता कुठं बघू?” त्यांना वाचता येत नव्हते. मी त्यांना प्रार्थनेचे पुस्तक देऊ शकत नव्हतो, आणि त्यांचे पुस्तक मीच पुसून टाकले होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

मग हुस्बी-शूटोल्फ्टच्या त्या चित्राचे काय करावे? तेही पुसावे का? माझ्या मते, नाही. ते पुसले तर आपण कोणावर अन्याय केला हेही पुसले जाईल, आणि पुढच्या पिढीला वाटेल की ख्रिस्ती माणसाच्या हातून असे कधी घडलेच नव्हते. ते ठेवावे, परंतु मुके ठेवू नये. पूर्वी धर्मगुरू छताकडे बोट दाखवून अर्थ सांगत असे, तसाच आजही कोणीतरी त्याच्याखाली उभे राहून सांगावे : हे आमच्या हातून घडले, हे चुकीचे होते, आणि आम्ही त्याबद्दल क्षमा मागितली आहे. आजी ज्या चित्रासमोर उभ्या राहत ते जपायला हवे होते, कारण त्यात प्रार्थना होती. हे दुसरे जपावे, कारण त्यात कबुली आहे. चुना दोन्हींवर घालू नये.

आज ही सारी चर्च स्वीडनच्या ल्युथरन चर्चच्या ताब्यात आहेत. तेथे कॅथलिक धर्म पाळण्यावर शेकडो वर्षे कडक निर्बंध होते आणि पूर्ण धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९५१ साली झाला. आता तेथे लहानसा, पण जिवंत कॅथलिक समाज आहे. स्टॉकहोमचे बिशप अँडर्स आर्बोरेलियस २०१७ साली कार्डिनल झाले. धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षाच्या आरंभी, २०१६ साली, पोप फ्रान्सिस यांनी लुंड येथे जाऊन ल्युथरन बांधवांबरोबर प्रार्थना केली. विभक्त झालेली घरे एकमेकांच्या अंगणात पुन्हा पाऊल ठेवू लागली आहेत. आणि आल्बर्टसच्या छताखाली बसलेले भाविक, ते कोणत्याही पंथाचे असोत, त्याच योनाकडे आणि त्याच शमशोनाकडे मान वर करून पाहतात.

सोडरमनलँडमधील लीद येथील चर्चमध्ये छतावरच्या संतांच्या आणि राजांच्या गर्दीत गुडघे टेकलेला एक साधा माणूस रंगवलेला आहे. ती चित्रकाराची स्वतःची प्रतिमा असल्याचे अभ्यासक मानतात. त्याने स्वतःला संतांच्या रांगेत उभे केले नाही, वेदीजवळही बसवले नाही. तो हात जोडून खाली बसलेल्या भाविकांमध्येच राहिला. त्याच्या हातून सौंदर्य घडले आणि पापही घडले, आपणां सर्वांच्या हातून घडते तसेच. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, त्या वेळी आपल्या आप्तजनांच्या नावांबरोबर या परक्या देशातील चित्रकाराचे नावही मी मनात घेतो. आणि त्या नावामागोमाग त्या वृद्ध बाईंच्या पतीचे.